डॉक्टरांना त्रास नको

डॉक्टर गाव सोडून जाणार हे व्हर्ना वासिलिकला डॉक्टरांच्याही आधी कळतं, असं ब्रॅनॉकमध्ये म्हणत आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. अठ्ठावीस वर्षं तिनं गावच्या इस्पितळात स्वयंपाक केला होता. डॉ. मॅकॉस्लंड गेले त्या वर्षी त्यांनी मार्चपासूनच सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणणं सोडून दिलं होतं. "ज्याला राहायचंय तो तक्रार करतो," व्हर्ना सांगे. "ज्याला जायचंय तो गोड बोलतो." त्यांच्यानंतरच्या डॉक्टरांच्या बायकोनं एका शरदात अंगणात ट्यूलिपचे कंद पुरलेच नाहीत. कंद पुरायचे ते पुढच्या वसंताच्या भरवशावर, तो भरवसा संपलेला व्हर्नानं कुंपणापलीकडून पाहिला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "ओरेस्ट, हेही चालले."

जूनमध्ये ते गेलेच.

व्हर्ना गावाच्या उत्तरेला अकरा मैलांवरच्या शेतावर जन्मली, सात भावंडांत चौथी. शाळेत अक्षर वळणदार, गणित बेताचं, पण वर्गात कोण आज रडून आलंय हे बाईंच्या आधी तिला समजायचं. लग्न झालं ते शेजारच्या ओरेस्ट वासिलिकशी, त्याला कमी बोलायची सवय होती आणि हिला दोघांचं मिळून बोलायची. इस्पितळात नोकरी लागली तेव्हा तिथं वीस खाटा होत्या, बाळंतपणं होत होती, स्वयंपाकघरातून रोज साठ ताटं जात. मग एकेक डॉक्टर गेला आणि एकेक दार बंद झालं. आधी बाळंतपणाची खोली, मग शस्त्रक्रियेची, शेवटी स्वयंपाकघर. आता जेवण शहरातून बंद डब्यांत येतं.

नवीन डॉक्टर शोधायला गावानं समिती नेमली तेव्हा तिच्यात सात जण होते. वर्षं गेली तशी दोघंच उरली, व्हर्ना आणि पूर्वी महापौर असलेला क्लेटन रूड. पत्रं व्हर्ना लिही. त्यांत ती खोटं कधी लिहीत नसे. जानेवारीत पारा उण्या चाळिसावर जातो हे सरळ लिहून टाकायची, आणि त्याच ओळीत पुढं, की इथं कुणाची गाडी अडकली तर मागून येणारा थांबल्याशिवाय जात नाही.

मध्ये एकदा नऊ महिने गावाला डॉक्टरच नव्हता. इस्पितळाच्या तातडीच्या दारावर कागद चिकटवला होता, 'बंद. शहरात जावे.' शहर एकशे चाळीस किलोमीटरवर. त्या नऊ महिन्यांत ओरेस्टची बहीण लिल मागच्या सीटवर व्हर्नाच्या मांडीवर डोकं ठेवून शहराकडे निघाली होती. पासष्टाव्या किलोमीटरला रस्ता रेल्वेच्या रुळांना ओलांडतो. तिथं गाडीला गचका बसला आणि व्हर्नाच्या मांडीवरचं डोकं एकदम जड झालं. तो जडपणा तिच्या मांडीत राहून गेला होता. गावाला डॉक्टर हवा म्हणून इतरांनी सह्या केल्या असतील. व्हर्नाला तो पुन्हा त्या रस्त्यानं जायला लागू नये म्हणून हवा होता.

अशा वेळी डॉ. व्हॅन रॉयन आले, चार वर्षं राहिले आणि तेही निघाले. निरोपाच्या जेवणात ते व्हर्नाच्या शेजारी बसले होते. भाजलेल्या मांसाचा तुकडा तोंडात घालत ते सहज म्हणाले, "चार वर्षांत गरम गरम ताट शेवटपर्यंत संपवलंय असं आज पहिल्यांदाच होतंय, व्हर्ना. दरवेळी घंटा वाजायची. कुणाचा कान दुखतोय, कुणाला झोप येत नाही."

ते विनोदानं बोलले होते. व्हर्नानं ते मनात टिपून ठेवलं.

म्हणून अडीच वर्षांपूर्वी नायजेरियाहून डॉ. बामिडेले, त्यांची बायको येतुंदे आणि सहा वर्षांची मुलगी असं कुटुंब ब्रॅनॉकमध्ये आलं, तेव्हा व्हर्नानं ते पोचायच्या आधीच घरोघर फोन केले होते. "हे बघा, या डॉक्टरांना छळायचं नाही. बारीकसारीक दुखणं घेऊन जायचं नाही. त्यांना जेवू द्या, झोपू द्या. डॉक्टरांना त्रास नको. काही वाटलं तर आधी मला विचारा."

गाव शहाणं होतं. गावानं ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.

रोज सकाळी दहाला हॉटेलात कॉफीच्या लांब टेबलाशी सात-आठ म्हातारे जमत. दुखण्याची छाननी आधी तिथं होई.

"माझा गुडघा," एखादा सुरू करी.

"गुडघ्याला डॉक्टर?" दुसरा म्हणे. "गेल्या आठवड्यात तर याच गुडघ्यानं छपरावर चढला होतास!"

"मी तर अजून डॉक्टरांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही," गॉर्डी नावाचा जाडजूड विधुर मोठ्या अभिमानानं सांगे. त्याला मधुमेह होता. "आणि मला झालंय तरी काय? डाव्या पायाची तीन बोटं जरा काळी पडलीत. पण उरलेली सात आहेत की!"

सगळे हसत. गॉर्डी सगळ्यात मोठ्यानं हसे. टेबलाखाली त्याच्या एका बुटाची लेस कधीच बांधलेली नसे, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

जेवणाचंही तसंच. नव्या डॉक्टरांना घरचं खाऊ घालणं हा गावचा जुना रिवाज. सारण भरून उकडलेल्या पेरोगी, कोबीच्या पानांतले रोल, काचेच्या भांड्यांत भाजलेलं बटाट्याचं काहीबाही. एरवी अशा प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे भांडं फिरून घरी येतं. पण या वेळी व्हर्नानं सांगितलं, "नाव असलं की परत करायला यावं लागणार, आभार मानावे लागणार. कशाला? पट्ट्या काढून टाका." बायकांनी पट्ट्या सोलून काढल्या. भांडं पायरीवर ठेवायचं, घंटा वाजवायची नाही, आणि पावलांचा आवाज न करता निघायचं. थंडीत पायरीवर ठेवलेलं ते अन्न अर्ध्या तासात दगडासारखं होई. पण डॉक्टरांच्या जेवणात व्यत्यय येत नाही याचं सर्वांना समाधान.

रस्त्यात डॉक्टर दिसले तर लोक लांबूनच हात करत आणि समोरची बाजू धरत. उगाच बोलत उभं केलं तर त्यांना थंडी वाजायची.

गेल्या सप्टेंबरात अ‍ॅग्नेस फ्रीसनचा फोन आला. अ‍ॅग्नेस वाचनालय सांभाळायची. व्हर्नापेक्षा दोन वर्षांनी लहान, शाळेपासूनची मैत्रीण.

"व्हर्ना, मला ना, गिळताना अडकल्यासारखं होतंय गं. ब्रेड तर उतरतच नाही."

"घाईनं खातेस तू. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

"तीन आठवडे झाले."

"मग आधी दात बघून घे. डॉक्टरांचं आता लशींचं काम सुरू होईल. नाताळ होऊन जाऊ दे, मग बघू."

"बरं," अ‍ॅग्नेस म्हणाली. "तू म्हणतेस तर."

ऑक्टोबरात ओरेस्ट कोठारापासून घरापर्यंत येताना मध्येच थांबायला लागला. कुंपणाच्या तिसऱ्या खांबाला हात टेकायचा, आभाळाकडं बघायचा, जणू काही हवामान पाहतोय. व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. नोव्हेंबरात तो त्याच्याही आधी, दुसऱ्या खांबालाच थांबायला लागला. छातीत जळजळतं म्हणून पांढऱ्या गोळ्या चघळायचा. खिशात त्यांचा चुरा सापडू लागला.

"ओरेस्ट, दाखवायचं का?" एकदा तिनं विचारलं.

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? डॉक्टरांना."

"जळजळीसाठी?" तो म्हणाला. "उद्या टेबलावर गॉर्डी माझी सालं काढेल. आणि तुझाच नवरा गेला तर लोक काय म्हणतील? बाकीच्यांनी थांबायचं आणि वासिलिकनं पुढं घुसायचं?"

व्हर्नानं विषय तिथंच सोडला. यात तिला जरा अभिमानही वाटला. पुढं किती तरी दिवस तिला तो क्षण आठवायचा, त्या अभिमानासकट.

जानेवारीत टपाल कचेरीत डॉक्टर भेटले. उंच माणूस, डोळ्यांवर झोप. "कसं चाललंय, डॉक्टर?" तिनं लांबूनच विचारलं.

"उत्तम, व्हर्ना. गाव फार चांगलं आहे. लोक फार चांगले आहेत."

"घर गरम राहतंय ना? भट्टी जुनी आहे ती."

"अगदी छान आहे. काही तक्रार नाही."

व्हर्ना घरी आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. "तो गोड बोलतोय," ती म्हणाली.

ओरेस्टनं वर्तमानपत्र खाली केलं. त्यालाही अर्थ कळला. करार तीन वर्षांचा, जूनमध्ये संपणार होता.

दुसऱ्या आठवड्यात किराणा दुकानात येतुंदे दिसली. ती रिकामी खोकी मागत होती. बळकट, झाकणाची. सहा खोकी एकात एक घालून ती बर्फातून घराकडं निघाली, आणि व्हर्ना हातातला कांदा तसाच धरून काचेतून बघत राहिली. त्या दिवशी तिनं पुन्हा घरोघर फोन केले. "आणखी जपा," तिनं सांगितलं. "फेब्रुवारीभर कुणीही जायचं नाही, अगदीच मरायला टेकल्याशिवाय."

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी कर्लिंगचे सामने होते. आजूबाजूच्या चार गावांचे संघ आले होते. लांब बर्फाच्या पट्टीवरून दगड घरघरत जात होते, खेळाडू दगडापुढचा बर्फ झाडूनं घासत ओरडत होते, आणि वरच्या स्वयंपाकघरात व्हर्ना दुपारच्या जेवणासाठी पेरोगी उकळत होती. अ‍ॅग्नेस कांदा परतायला उभी होती. मागच्या वर्षीचा स्वेटर तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.

"खाऊन तर बघ एक," व्हर्ना म्हणाली.

"नंतर," अ‍ॅग्नेस म्हणाली.

तेवढ्यात गॉर्डी लंगडत जिना चढून आला. "व्हर्ना, ओरेस्ट जरा बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"म्हणजे… बसलाय."

ती हातात झारा घेऊनच खाली धावली. एका संघात माणूस कमी पडला म्हणून ओरेस्ट झाडू घेऊन बर्फावर उतरला होता. आता तो बाकावर होता. चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब, त्या गारठ्यात. डावा हात उजव्या हातानं असा धरला होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"जळजळ," तो म्हणाला.

"ही जळजळ नाही, ओरेस्ट."

"डॉक्टर जेवायला बसले असतील. शनिवार आहे."

"माझी गाडी गरमच आहे," क्लेटन रूड म्हणाला. "दीड तासात शहरात पोचवतो. उचला रे त्याला."

त्या वेळी तिथं साठ-सत्तर माणसं होती. भली माणसं होती ती. कुणी कोट आणला, कुणी दार धरून उभं राहिलं, कुणी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. डॉक्टर तीन मिनिटांवर होते. आणि त्या साठ-सत्तर जणांत एकालाही यात काही विपरीत वाटलं नाही. व्हर्नालाही नाही. तिनं झारा कुणाच्या तरी हातात दिला आणि ती मागच्या सीटवर बसली.

चर्चच्या कोपऱ्यावर डॉक्टरांचं घर. डॉ. बामिडेले लाल टोपी घालून अंगणातल्या वाटेवरचा बर्फ फावड्यानं बाजूला करत होते. ते जेवत नव्हते. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला. क्लेटननं सवयीनं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. आणि पुढच्या सीटवरून ओरेस्टनंही हात वर केला. गावची रीतच आहे ती. हात केला की हात करायचा. तो वर केलेला हात खाली आला तो मांडीवर नाही आला, सीटच्या बाजूनं खाली लोंबला.

गाडी धान्याच्या उंच कोठारावरून पुढं गेली आणि गाव संपलं. रस्त्यावरून बर्फाचे पांढरे साप सरपटत आडवे जात होते. दोन्हीकडं बर्फाच्या भिंती. हिरव्या पाटीवर शहर एकशे अडतीस.

"ओरेस्ट," व्हर्नानं हाक मारली.

"हं."

मग थोड्या वेळानं पुन्हा, "ओरेस्ट?"

या वेळी उत्तर आलं नाही. त्याचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि गाडीबरोबर हलत होतं. व्हर्नाच्या मांडीत तो जुना जडपणा जागा झाला. पासष्टाव्या किलोमीटरला अजून पाऊण तास होता, आणि तिला तो रुळांवरचा गचका आताच ऐकू आला.

"क्लेटन, गाडी वळव."

"काय राहिलं?"

"गाडी वळव."

"अगं, शनिवारी दुपारी? तूच तर म्हणतेस ना, डॉक्टरांना…"

"मी म्हणते ते गेलं खड्ड्यात! वळव!"

पण वळवायला जागा नव्हती. बर्फाच्या भिंतींमध्ये मोठी गाडी फिरेना. पुढच्या शेताची वाट दोन किलोमीटरवर होती. ते दोन किलोमीटर ते माघारी फिरण्यासाठी पुढं गेले, आणि त्या सगळ्या वेळात व्हर्ना नवऱ्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालून मानेची नस शोधत होती. कधी सापडे, कधी हरवे.

डॉक्टर अजून अंगणातच होते. व्हर्नानं काच खाली केली. "डॉक्टर, ओरेस्ट…" एवढंच ती बोलू शकली. फावडं जिथं होतं तिथं पडलं. डॉक्टर तसेच, गुडघ्यापर्यंत बर्फ लागलेले, तिच्या शेजारी गाडीत शिरले आणि पुढं वाकून त्यांनी ओरेस्टचं मनगट धरलं. "चला," ते म्हणाले. त्या 'चला'मध्ये गोडवा अजिबात नव्हता.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इस्पितळात होतं. ते अडीच वर्षं शीतकपाटात पडून होतं. एकदाच लागलं होतं, तेही बाहेरगावच्या ट्रकवाल्याला. दीडेक तासानं ओरेस्टच्या ओठांवर रंग आला. शहरातून हेलिकॉप्टर निघालं. चार वाजता डॉक्टर बाहेर आले आणि बंद स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या बाकावर व्हर्नाशेजारी बसले.

"वाचतील," ते म्हणाले. "पण हृदयाचा एक भाग गेला. तो परत येणार नाही. कधीपासून दुखत होतं?"

"आज सकाळी जरा…"

"व्हर्ना."

"ऑक्टोबरपासून."

डॉक्टर तिच्याकडं वळले. "ऑक्टोबरपासून. आणि आज माझ्या दारावरून गाडी पुढं नेलीत. मी हात केला. त्यांनीही हात केला. त्या अवस्थेत. का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"काय?"

मग व्हर्नानं सगळं सांगितलं. व्हॅन रॉयनांचं गरम ताट, फोन, सोललेल्या पट्ट्या, न वाजवलेली घंटा. सांगताना प्रत्येक गोष्ट तिला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटत होती.

"दिवसाला सहा पेशंट येतात माझ्याकडं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीतून विचारणा झाली, की सहा पेशंटांसाठी तिथं डॉक्टर कशाला हवा? मी काय उत्तर देणार? मला वाटलं, लोकांना माझा हात लावून घेणं नको आहे. तोंडावर कुणी बोलत नाही. पण मी आलो की रस्ता ओलांडतात. दार उघडावं तर पायरीवर गोठलेलं अन्न आणि परत जाणारी पावलं. माझी मुलगी विचारते, बाबा, हे लोक आपल्याला भितात का?"

"डॉक्टर, तसं नव्हतं हो…"

"काल पत्र टाकलं मी. शहरातली जागा स्वीकारली."

बाहेर हेलिकॉप्टरचा आवाज ऐकू यायला लागला होता. ते उठले.

हेलिकॉप्टरमध्ये व्हर्नाला जागा नव्हती आणि त्या संध्याकाळीच वादळामुळं रस्ता बंद झाला. रविवारी सकाळी शहरातून फोन आला, ओरेस्ट शुद्धीवर आहे आणि सूप अळणी आहे म्हणतोय. व्हर्नानं फोन ठेवला, तोंड धुतलं आणि चर्चच्या कोपऱ्यावर जाऊन डॉक्टरांच्या घराची घंटा वाजवली. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

दार येतुंदेनं उघडलं. ती पहिल्या दिवसापासून व्हर्नाला 'आँटी' म्हणायची. गावात असं कुणी कुणाला म्हणत नाही. बैठकीत सहा खोकी उघडी पडली होती आणि जमिनीवर वर्तमानपत्रांत गुंडाळलेली भांडी. तीस, चाळीस, जास्तच.

"बरं झालं आलात, आँटी," येतुंदे म्हणाली. "ही कुणाकुणाची, तुम्हीच सांगाल. दुसऱ्याची भांडी घेऊन कसं जायचं? कुणाला विचारावं तर कुणी भेटत नाही."

व्हर्नानं एक भांडं उलटं केलं. बुडाला सोललेल्या पट्टीचा डिंक चिकट राहिला होता, त्याला धूळ लागून काळा चौकोन झाला होता. नाव नव्हतं. पण तिला नावाची गरज नव्हती. निळ्या काठाचं क्लेटनच्या बायकोचं. कान उडालेलं अ‍ॅग्नेसचं.

"यांना हात लावू नका," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. दार वाजवून."

दुपारभर ती फोनवर होती. आवाज बसला. "उद्या आठ वाजता दवाखान्यात या. हो, तू. हो, गुडघ्यासाठीसुद्धा. मी चुकले. चुकले म्हणते ना! आणि जाताना डॉक्टरांच्या घरून आपलं भांडं घेऊन जा, आणि घंटा वाजव."

सोमवारी आठ वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यातल्या बारा खुर्च्या भरल्या, भिंतीकडेला माणसं उभी राहिली, रांग दारातून बाहेरच्या बर्फात गेली. सुरुवातीला सगळं जत्रेसारखं होतं.

"काय गॉर्डी, आलास शेवटी?"

"बोलावणं आलं म्हणून आलो. माझं काय आहे, सात बोटं…" गॉर्डीनं बूट काढला, मग मोजा. वास खोलीभर पसरला. सात बोटांचा विनोद त्यानं अर्ध्यावरच सोडला. काळेपणा आता बोटांशी थांबलेला नव्हता.

त्यानंतर कुणी थट्टा केली नाही. लोक एकमेकांकडं नव्यानं बघू लागले. कोपऱ्यातला खोकला. कुणाची पिवळट बुबुळं. ब्लाउजच्या आत, काखेशी, सारखा जाणारा एकीचा हात. रोज भेटणारी माणसं होती ही. एकेकटी घरी असताना ती ठीकठाक दिसत होती; एका खोलीत बसल्यावर तशी दिसेनात.

डॉक्टर दारात आले आणि थांबले. व्हर्नाला वाटलं होतं, एवढी गर्दी बघून त्यांना बरं वाटेल. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते डोळ्यांनीच भराभर माणसं निवडत होते, आधी कोण, मग कोण, आणि कुणासाठी आता घाई करून उपयोग नाही.

"डॉक्टर," ती जवळ जाऊन पुटपुटली, "ते पत्र… जूनचं…"

"जूनचं मला आता विचारू नका!" ते एकदम कडाडले. सगळी खोली दचकली. "ही खोली किती गार आहे! हीटर कधी कुणी बघितलाय का? नर्स एकच, कागद संपलेत, आणि ती कॉफी, व्हर्ना, अडीच वर्षं ते गढूळ पाणी पितोय मी!"

तक्रार होती ती. पण त्यातून अर्थ काढायचा व्हर्नाला धीर झाला नाही. डॉक्टर तोवर गॉर्डीच्या पायाशी वाकून पुढं सरकले होते आणि खिडकीजवळच्या खुर्चीपाशी थांबले होते. तिथं अ‍ॅग्नेस बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं.

"तुम्हाला काय होतंय?"

"गिळता येत नाही."

"किती दिवसांपासून?"

अ‍ॅग्नेसनं उत्तर देण्याआधी एकदा व्हर्नाकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेत बाईंनी विचारलं की ती अशीच आधी व्हर्नाकडं बघायची.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "मी विचारलं होतं सप्टेंबरात. थांब म्हणाले."

कोण म्हणालं, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टरांनी तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं लावली. एका जागी ती बोटं थांबली, पुन्हा तिथंच आली. मग त्यांनी अ‍ॅग्नेसच्या नजरेच्या वाटेनं मान वळवली आणि व्हर्नाकडं पाहिलं.

"आधी सगळे तुम्हाला फोन करायचे ना?"

"हो."

"आणि ज्यांना तुम्ही थांबा म्हणालात, पण जे आज इथं आलेले नाहीत, असे किती आहेत?"

व्हर्नानं खोलीभर नजर फिरवली. तिला सगळे फोन आठवत होते. कोणत्या महिन्यातला, कोणाचा आवाज, काय दुखतंय म्हणाले आणि तिनं काय उत्तर दिलं. डॉक्टरांनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनचं टोपण दातांनी उपसलं.

व्हर्ना एकेक नाव सांगू लागली.